सातारा हेरिटेज वॉक: जा, पण चार भिंतींपाशी घाई करू देऊ नका

गेल्या रविवारी आईला घेऊन साताऱ्यातला हेरिटेज वॉक केला. माणशी 300 रुपये, तीन तास, राजवाड्यापासून सुरुवात आणि शेवट चार भिंतींपाशी, म्हणजे 1857 च्या हुतात्म्यांच्या स्मारकापाशी. सातची वेळ दिलेली आणि निघालो पावणेआठला, मधे फोन केला तर कोणी उचलेना, त्यासाठी एक स्टार कापतेय. गाईड दादा मात्र एकदम तयारीचा माणूस.

साताऱ्याबद्दल आपण शाळेत एवढंच शिकलो की पेशवाई बुडवल्यावर इंग्रजांनी 1818 मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं, म्हणजे जणू उपकारच केले. दादाने जुन्या राजवाड्यासमोर 25 सप्टेंबर 1819 च्या तहाची झेरॉक्स सगळ्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, आधी वाचा, मग बोलू. फौज वाढवायची नाही आणि कमीही करायची नाही ईस्ट इंडिया कंपनीला विचारल्याशिवाय, बाहेरच्या राजांशी सरदारांशी परस्पर पत्रव्यवहार नाही, आणि राज्याबाहेर सोयरीक करायची तर तीही कंपनीच्या एजंटमार्फतच. आईने ते कलम दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अगं, म्हणजे घरातलं लग्न जमवायला पण साहेबाला विचारायचं?" शिवछत्रपतींच्या घराण्याला हे! मला तिथंच गलबलून आलं, पुढचा अर्धा तास तेच डोक्यात.

मग 1839. आरोप काय, तर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं आणि कंपनीचे शिपाई फितवले. मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यात आला, कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील म्हणाला, आणि महाराजांनी सही केली नाही. गादी गेली, काशीला रवानगी झाली, 1847 ला तिकडेच वारले. भाऊ अप्पासाहेबांना बसवलं, ते 1848 ला गेले, त्यांचा दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा. हे सगळं दादाने इतकं नीट सांगितलं की ग्रुपमधली दहावीतली पोरंसुद्धा मोबाईल खिशात ठेवून ऐकत होती.

पण खरी तक्रार शेवटची आहे. चार भिंतींपाशी पोचेपर्यंत उशीर झालेला आणि पुढची बॅच खाली थांबलेली, त्यामुळे रंगो बापूजी पाच मिनिटांत उरकले. अहो, ज्या माणसाने महाराजांची बाजू मांडायला लंडन गाठलं, 1853 पर्यंत तिथं राहून दारोदार अर्ज केले, परत आल्यावर 1857 च्या उठावात उतरला, मुलगा सीताराम फाशी गेला आणि स्वतः कुठे गेला ते कुणाला कळलंच नाही, त्याला पाच मिनिटं? आई तर तिथून उठायलाच तयार नव्हती.

सकाळचीच बॅच घ्या, चढ आहे, पाणी आणि बूट हवेतच. आणि ती झेरॉक्स परत मागितली तर देऊ नका, आम्ही घरी आणलीय.