ऑटोमॅटिक गियरबॉक्स घसरतोय: घरी उघडायचा, बाहेर द्यायचा की जुना आणून बसवायचा?

बेळगावला जायला निघालो होतो, केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो आणि गाडीने दगा दिला. पाय दाबला की इंजिन ओरडतंय, आरपीएमचा काटा ४००० च्या वर, आणि गाडी मात्र रांगतेय, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तर कुणीतरी मध्येच क्लच दाबून धरल्यासारखं. तिथूनच वळवली आणि गोव्यात फोंड्याला घरी आणली. गाडी २००९ ची, चार गियरची ऑटोमॅटिक. पुढचे पंधरा दिवस ज्याला विचारलं तो वेगळं सांगायचा, एक म्हणाला जुना बॉक्स आणून बसव, दुसरा म्हणाला गाडीच काढून टाक. शेवटी मी तो घरी उघडला, पण म्हणून तुम्हीही उघडाच असं मी सांगणार नाही, कारण ते तीन-चार गोष्टींवर ठरतं.

आधी बॉक्स कुठल्या जातीचा ते बघा. २०१४ ला सेलेरियोपासून आपल्याकडे एएमटी आली, ती आतून साधी मॅन्युअलच असते, क्लच दाबायचं आणि गियर टाकायचं काम फक्त मशीन करतं, तिथे धक्के बसत असतील तर क्लच प्लेट नाहीतर ॲक्च्युएटर (क्लच-गियर हलवणारं यंत्र) बघायचा, पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही. सीव्हीटी (गियरांऐवजी पट्ट्यावर चालणारी) किंवा डीसीटी (दोन क्लचवाली) असेल तर घरी हात लावू नका. राहिले टॉर्क कन्व्हर्टरवाले (इंजिनचा जोर ऑइलमधून बॉक्सला देणारा डबा असलेले) चार, पाच, सहा गियरचे बॉक्स. त्यातही जुने चार गियरवालेच घरी उघडण्यासारखे, असं माझं मत.

आता तपासणी, आणि याच्यावर वेळ घालवा असं मी हात जोडून सांगेन, कारण यात जवळजवळ काहीच खर्च नाही. डिपस्टिक असेल तर ऑइल गरम करून, सगळे गियर एकदा फिरवून, इंजिन चालू ठेवून बघायचं (होंडात मात्र इंजिन बंद करून लगेच). थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. लाल असेल तर बरं, तपकिरी म्हणजे जुनं झालंय, काळं आणि करपलेला वास म्हणजे क्लच प्लेटा जळल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं कूलंट आत गेलंय किंवा पुरात ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या नळीतून) पाणी शिरलंय, आणि पाणी गेलं की प्लेटांवरचं लायनिंग सुटायला लागतं, मग तो बॉक्स उघडावाच लागतो.

मग साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) लावा. नुसता पी०७०० आला तर तो फक्त 'गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरला विचार' एवढंच सांगतो, खरा कोड त्याच्या मागे असतो. पी०७३० म्हणजे गियरचं गणित जुळत नाही, बऱ्याचदा घसरणंच. पी०७५० च्या आसपासचा असेल तर शिफ्ट सोलेनॉइड, म्हणजे गियर बदलायला ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह. तो मल्टिमीटरने मोजता येतो, बऱ्याच गाड्यांत ११ ते १५ ओहम, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा. बॅटरी आणि अर्थची वायर पण बघा, आपल्या खाऱ्या हवेत अर्थचं टोक हिरवं पडतं आणि गियर वेड्यासारखे पडायला लागतात. ब्रेक दाबून फुल रेस देऊन करतात ती स्टॉल टेस्ट मात्र आधीच घसरणाऱ्या बॉक्सवर करू नका, उरलेल्या प्लेटा पण जातील.

शेवटी चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचं ऑइलचं ताट, उतरवा. त्यातल्या मॅग्नेटवर करड्या रंगाची मऊ साय असते ती चालते. काळे कण, पितळी चुरा किंवा नखाला टोचणारे तुकडे असतील तर नुसतं ऑइल बदलून काही होणार नाही. ऑइल फक्त मळलेलं असेल आणि आत तुकडे नसतील तर मात्र तोच सगळ्यात स्वस्त उपाय, फक्त एकदा काढल्याने सगळं निघत नाही, निम्म्याहून जास्त कन्व्हर्टरमध्ये आणि इतर भागांत आतच राहतं, म्हणून थोडं चालवून दोन-तीनदा बदलायचं.

आता पर्याय. जुना बॉक्स, म्हणजे कुर्ल्याच्या भंगार बाजारातून वगैरे, हा सगळ्यात लवकर होणारा आणि मला सगळ्यात कमी पटणारा. तो पण तुमच्या बॉक्सइतकाच म्हातारा असतो आणि कुठल्या गाडीतून आला, का आला, कुणी सांगत नाही. माझ्या मावसभावाने एक आणून बसवला, आठ महिन्यांत परत तेच. घ्यायचाच असेल तर बॉक्सवरचा कोड तुमच्या बॉक्सशी जुळवा, पैसे द्यायच्या आधी चेंबर उघडून मॅग्नेट बघा, ऑइल दुधाळ असेल तर मागे फिरा. आणि बसवताना ऑइल गार करणाऱ्या कूलरची लाइन फ्लश करा, नाहीतर आधीच्या बॉक्सचा चुरा नव्यात जातो.

स्पेशालिस्टकडे द्यायचा तर एकच प्रश्न विचारून बघा: प्लेटा जळल्या, पण कशामुळे? नीट उत्तर देणारा माणूस मिळाला तर डोळे मिटून द्या. 'सगळं किट बदलतो' एवढंच म्हणणारा असेल तर जरा थांबा. माझ्या बॉक्समध्ये तिसरा गियर धरणाऱ्या पॅकच्या प्लेटा पार धातूपर्यंत गेलेल्या, मधल्या स्टील प्लेटांवर निळे डाग. पण खरं दुखणं त्याच्या मागे पिस्टनचं रबरी सील, ते वाळून इतकं कडक झालेलं की वाकवलं तर कट् करून तुटलं. सील दाब धरत नव्हतं म्हणून प्लेटा घसरल्या, घसरल्या म्हणून जळल्या. नुसत्या प्लेटा बदलल्या असत्या तर त्या पण जळल्या असत्या.

घरी करायचं तर दुसरी गाडी किंवा स्कूटर हवीच, मला पाच आठवडे लागले. पैसे मात्र बाहेर सांगितलेल्यापेक्षा बरेच कमी, त्यातला मोठा भाग कन्व्हर्टरचा, कारण तो वेल्ड केलेला असतो, घरी उघडत नाही, बाहेरून कापून दुरुस्त करून आणावा लागतो. बॉक्स ७०-८० किलोचा, गाडी चांगल्या स्टँडवरच उचला, चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) ठेवायचा विचारसुद्धा करू नका, आपला चिरा वजनाखाली एकदम फुटतो. जागा अंगणात नको, चिऱ्याची लाल धूळ व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वाटणाऱ्या भागात) गेली तर व्हॉल्व्ह अडकतात. पावसाळ्यात धूळ नसते पण स्टील प्लेटा एका रात्रीत गंजतात, म्हणून प्रत्येक भाग ऑइल लावून झाकणाच्या डब्यात. प्रत्येक पायरीचा फोटो, व्हॉल्व्ह बॉडीतल्या छोट्या गोळ्यांचा तर चार बाजूंनी. गोळ्या जागेवर धरायला व्हॅसलीन वापरा, ग्रीस नको, ग्रीस ऑइलमध्ये विरघळत नाही आणि बारीक भोकं बंद करतं. पुसायला धागे सुटणारं फडकं नको. नव्या प्लेटा आधी ऑइलमध्ये भिजवायच्या, पॅकमधली फट फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजायची, आणि बॉक्स बंद करायच्या आधी कॉम्प्रेसरची हवा देऊन प्रत्येक पिस्टन हलतोय का ते ऐकायचं. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला पाहिजे, फिरवत ढकलताना तो टप्प्याटप्प्याने आत जातो, अर्धवट असताना बोल्ट आवळले तर पंपच फुटतो.

एक मधला मार्ग पण आहे, आणि ज्यांना पाने चालवता येतात पण एवढा वेळ नाही त्यांनी तोच धरावा: बॉक्स स्वतः काढायचा, पिकअपमध्ये घालून बेळगावला किंवा कोल्हापूरला द्यायचा, सोबत सगळी लक्षणं कागदावर लिहून, गार असताना काय आणि गरम झाल्यावर काय हेही, आणि स्वतःच बसवायचा. मजुरीचा मोठा भाग वाचतो आणि आतलं काम रोज करणाऱ्याच्या हातून होतं.

बसवल्यावर स्कॅनरने गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं जुनं शिकलेलं रीसेट करा, आधी सपाट रस्त्यावर हळू चालवा, मग फर्मागुडीची चढण. मी ५०० किलोमीटरनंतर चेंबर परत उतरवून बघितला, मॅग्नेटवर नुसती करडी साय होती, बोटाने पुसली की गेली. पुढच्या रविवारी चोर्ला चढलो.