राजारामपुरीतलं डे-केअर सेंटर: चार स्टार, एक जिन्यापायी कापला

दादाला इथं घालून सात महिने झाले म्हणून आत्ता लिहितेय. रत्नागिरीच्या मेंटल हॉस्पिटलमधनं डिस्चार्ज मिळाला, घरी न्या म्हणाले, पण घरात मी आणि आई, मी ड्युटीला गेले की ह्यानं दिवसभर करायचं काय? (कुणी जरा विचित्र वागलं की "ह्याला रत्नागिरीला धाडा" म्हणतात ना आपल्याकडं, ते आमच्यासमोर तरी नका म्हणू.)

दहा ते पाच असतं. कागदी पिशव्या, वाती, कॅरम, डबा सगळे मिळून खातात. पहिला महिना दादा पायात चप्पल तशीच ठेवून दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा, कुणी हात धरून आत ओढला नाही. आता हजेरी तोच घेतो, लेट येणाऱ्याला लाल पेननं फुली, ताईंना पण सोडत नाही.

महिन्यातनं एकदा पालकांची मीटिंग असते, तिथं एक वकील काका आलेले. मला वाटलं झोप येणार. पण त्यांनी अमेरिकेचं सांगितलं, अलाबामात सिगरेटवरचा टॅक्स कमी जमला म्हणून ब्राइस हॉस्पिटलचा स्टाफ काढला, त्यावरनं केस झाली आणि १९७२ ला कोर्टानं ठरवून दिलं की पेशंट ठेवायचा तर अमुक इतके डॉक्टर, नर्स पाहिजेतच. एवढा खर्च करण्यापेक्षा पेशंट कमी केलेले सरकारला परवडले. १९७५ ला डोनाल्डसन नावाच्या पेशंटच्या केसमध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, जो कुणाला धोका नाही आणि बाहेर राहू शकतो त्याला नुसतं कोंडून ठेवता येत नाही. तो माणूस जवळपास १५ वर्षं आत होता! मानसिक आजारावरच्या गोळ्या आल्या होत्या, सरकारला पैसे पण वाचवायचे होते, त्यात हे निकाल, वॉर्ड रिकामे झाले. आणि बाहेर जी सेंटरं उघडायची म्हणून १९६३ ला कायदा केलेला ती पुरेशी झालीच नाहीत, कितीतरी लोक रस्त्यावर नाहीतर जेलात.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात पण आहे, घरचे नेत नाहीत एवढ्यावरनं कुणाला आत ठेवायचं नाही. बरोबरच आहे हो, पण कोर्ट दार उघडून देतं, दाराबाहेर खुर्ची कोण टाकणार? इथं ती टाकलीय, म्हणून चार स्टार.

तक्रारी: दुसरा मजला, लिफ्ट नाही, आईला चढवत नाही. फीची पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. शनिवार-रविवार बंद, आणि शनिवारी दहा वाजले की दादा चप्पल घालून दारात उभाच.