भिंत करावी की छोटा सेट घ्यावा?

दिवाळी उलटली की गावाकडची दोन-तीन पोरं तरी डीजेच्या धंद्याचं विचारायला येतात. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालेलं असतं, घरच्यांना कसंबसं पटवलेलं असतं, आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, भिंत करावी का छोटा सेट घ्यावा?"

भिंत म्हणजे ट्रकवर रचलेली बेस-टॉपची, म्हणजे खालच्या-वरच्या आवाजाच्या स्पीकर खोक्यांची चळत, जिला आपल्याकडे सगळे डॉल्बी म्हणतात. खरं तर डॉल्बी ही ध्वनितंत्रज्ञानाची कंपनी, वरातीतल्या खोक्यांशी तिचा काही संबंध नाही. पण नाव पडलं ते पडलं. छोटा सेट म्हणजे पंधरा इंची दोन ॲक्टिव्ह (ॲम्प्लिफायर आतच असलेले) टॉप, अठरा इंची दोन सब (बेसची खोकी), लॅपटॉप, कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र), दोन कॉर्डलेस माईक आणि थोडे पार लाइट, म्हणजे रंगीत दिवे. मी सहा वर्षं भिंतीत भागीदार होतो, आता छोट्या सेटवर आहे. म्हणजे माझा कल कुठं आहे ते कळलंच असेल. तो धरूनच वाचा.

आधी भिंतीच्या बाजूचं बोलू, कारण तिची मजा नाकारण्यात अर्थ नाही. चौकात गाडी वळते, पहिला बेस पडतो आणि दुकानांची शटरं थरथरतात. त्या क्षणाला जी नशा असते ती छोट्या सेटला जन्मात यायची नाही. नाव पटकन होतं. एका मिरवणुकीचे व्हिडिओ फिरले की शेजारच्या तालुक्यातून फोन येतात. गणपती विसर्जन, नवरात्र, 19 फेब्रुवारीची शिवजयंती, 14 एप्रिल, आणि मधे वराती. एका सुपारीचा आकडाही डोळे दिपवणारा असतो.

तो आकडा हातात किती राहतो, हे मात्र कुणी विचारत नाही. समजा वरातीची सुपारी 50 हजारांची आहे. त्यातून ट्रकचं आणि जनसेटचं (जनरेटरचं) डिझेल, चढवा-उतरवायला आठ पोरांची हजेरी, त्यांचं जेवण, लाईटवाल्याचे वेगळे, आणि दर दोन-तीन कार्यक्रमांमागे स्पीकरची एखादी जळालेली कॉईल. उरलं त्यातून हप्ता, आणि तेही भागीदारांत वाटून. आता समजा छोट्या सेटची हळद 15 हजारांची आहे. दोन माणसं, एक छोटा हत्ती टेम्पो, वीज मंडपवाल्याची. तुमच्या भागातले आकडे वेगळे असतील, पण हीच वजाबाकी स्वतःच्या वहीत करून बघा. मला ती तिसऱ्या वर्षी सुचली, आणि तो सीझन मी फुकट नाचवला हे तेव्हा कळलं.

आता आवाज. भिंतवाल्यांची सगळी स्पर्धा यावरच चालते, आणि गणित इथेच फसवतं. त्याच खोक्यांना दुप्पट पॉवर दिली तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला साधारण दुप्पट वाटायला 10 डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. शेजारच्या गावातल्या गाडीपेक्षा मोठं वाजायचं म्हणून तुम्ही आणखी ॲम्प्लिफायर घेता, तेव्हा खर्च दुप्पट होतो आणि लोकांना फरक कळतोच असं नाही. आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तुमच्यापेक्षा चार खोकी जास्त लावून येतोच. ज्या धंद्यात वेगळेपणा खोक्यांच्या संख्येवर ठरतो, तिथं तुमचा वेगळेपणा कुणीही कर्ज काढून विकत घेऊ शकतो.

कायदाही भिंतीच्याच मागे जास्त लागतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं, पण तुमच्या पाहुण्याची वरात त्या दिवसांत बसेलच असं नाही. खरं सांगायचं तर 55 ची मर्यादा छोटा सेटही पाळत नाही. चार माणसं जोरात बोलली तरी आकडा तिच्या वर जातो. फरक असा, की छोट्या सेटचे टॉप डोक्याच्या उंचीवर चढवून नाचणाऱ्यांकडे झुकवता येतात, मास्टर (एकूण आवाज) खाली घेता येतो आणि दहाला पाच कमी असताना सब बंद करता येतात. भिंत कमी आवाजात लावली तर लोक विचारतात, मग हिला आणली कशाला? त्यात ट्रकची बॉडी वाढवली, कापली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. नोंदणीत नसलेला बदल चालत नाही आणि अपघात झाला तर विमावालाही हात वर करतो.

आणि स्वतःचे कान. 85 डेसिबलमध्ये आठ तास, 100 मध्ये पंधरा मिनिटं, एवढीच कानाची सुरक्षित मर्यादा धरली जाते. भिंतीसमोर ऑपरेटर चार-पाच तास उभा असतो. माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते ती तिथलीच.

छोट्या सेटची अडचण वेगळी आहे: तो कुणाकडेही असतो. मंडपवाल्याकडे असतो, कॅटररच्या भाच्याकडे असतो. मग लोकांनी तुम्हालाच का बोलवावं? इथं मात्र हाताला काम आहे.

एका हळदीत बघितलेलं सांगतो. नवरीला हळद लावून झाली, बायका उखाण्यासाठी थांबल्या, माईक आत्याबाईंच्या हातात. त्या "महादेवाच्या पिंडीवर" म्हणाल्या आणि डीजेवाल्या पोरानं उत्साहात पुढचं गाणं सोडलं. नाव बेसखाली गेलं. आत्याबाईंनी माईक खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. काम एवढंच होतं: गाणं हळू खाली घ्यायचं, नाव येईपर्यंत थांबायचं, हशा फुटला की ठेका सोडायचा. यासाठी पाव सेकंद लागतो, पण नजर लॅपटॉपवर नव्हे, माणसांवर लागते.

हे आधीच्या तयारीशिवाय जमत नाही. मी आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर पाच प्रश्न पाठवतो: नवरा-नवरीची नावं कशी उच्चारायची, कुठलं गाणं अजिबात नको, घरात नुकतं कुणी गेलंय का, उखाणे कोण घेणार, शेवट किती वाजता. "नुकतं कुणी गेलंय का" या प्रश्नानं मला दोनदा वाचवलं. गेलेल्या काकांचं आवडतं गाणं मी दणक्यात लावलं असतं.

गाण्यांचंही तसंच. जुनी कोळीगीतं आणि लोकगीतं बऱ्याचदा सहा-आठच्या ठेक्यात असतात आणि हाताने वाजवलेली, त्यामुळे लय थोडी पुढे-मागे सरकते. सॉफ्टवेअर त्यांची बीट चुकीची धरतं आणि सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की घोड्याच्या टापा ऐकू येतात. अशा गाण्यांची ग्रिड, म्हणजे बीटच्या खुणा, घरी बसून हाताने बसवायची, नाहीतर सिंक सोडून सरळ ध्रुवपदावर कट मारायचा. भिंतीवर हे कुणाला कळत नाही, सगळं बेसमध्ये विरघळतं. हॉलमध्ये दोन टॉपवर स्वच्छ ऐकू येतं, चूकसुद्धा.

विजेचा धोका दोन्हीकडे सारखा. एका वरातीत भाड्याच्या जनसेटचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, ढिला होता. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर 230 च्या जागी 300 च्या पुढेही व्होल्टेज जाऊ शकतं. दोन ॲम्प्लिफायर धूर सोडून गेले, वऱ्हाड तसंच उभं. तेव्हापासून खिशात मल्टिमीटर असतो. प्लग लावण्याआधी बोर्डात आकडा बघायचा, लाइट चालू करून पुन्हा बघायचा.

गाणी वाजवायच्या परवान्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक विधीसोबत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभ यांना सूट आहे. रिसॉर्टवरची 31 डिसेंबरची तिकिटाची पार्टी त्यात येत नाही. ते काम घेताना संगीताचा परवाना कोण काढणार हे आयोजकाकडून लिहून घ्या.

राहिला कॅलेंडरचा प्रश्न, आणि माझ्या मते कर्ज काढणाऱ्यानं सगळ्यात आधी हाच बघावा. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि चातुर्मास लागला की थांबते. त्यात 2026 ला अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन हंगामातला महिना मुहूर्ताविना. हप्ता मात्र अधिक मास पाळत नाही. भिंत त्या महिन्यात शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहते. छोटा सेट पहिला वाढदिवस, सेवापूर्ती, बारसं, हिवाळ्यात शाळांची स्नेहसंमेलनं, कुठंही जातो. पैसे थोडे, पण जनसेटचं डिझेलही नाही.

भिंत कुणी करावी? ज्याच्या घरात ट्रक आहे, भाऊ वेल्डिंग करतो, पोरं हक्काची आहेत आणि मंडळांशी जुने संबंध आहेत त्यानं. बाकीच्यांनी छोटा सेट घ्यावा, आणि वरातीला भिंत हवीच असली तर दुसऱ्याची जोडून घ्यावी. तोही सेट पहिल्या सीझनला भाड्यानंच आणा. सुरुवातीला फक्त कंट्रोलर, दोन बरे माईक आणि तो मीटर विकत घ्या.