पुणे–नागपूर विमानाने: काही महिन्यांच्या ये-जानंतर

पुणे ते नागपूर विमानाचं अंतर शोधलं की 600 किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो आणि वेळ साधारण एक तास. आकडा खोटा नाही. तो लोहगाव ते सोनेगाव, म्हणजे पुण्याच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत, अशी सरळ रेघ ओढून काढलेला असतो. रेल्वेला दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा पडतो, म्हणून वंदे भारत हेच अंतर 881 किलोमीटर धावते आणि बारा तास घेते. कागदावर विमानाशी बरोबरीच नाही.

मी कोथरूडला राहतो, आईबाबा नागपूरला प्रतापनगरात. दिवाळीनंतर जाणं-येणं वाढलं तसं विमान नेहमीचं झालं.

तिकिटावर सव्वा ते दीड तास छापलेला असतो. हा वेळ विमान पुण्यात जागचं हलल्यापासून नागपुरात पार्किंगला लागेपर्यंतचा. हवेत जेमतेम तासभर, त्यातही बराचसा वेळ चढण्या-उतरण्यात जातो. ताशी आठशेचा वेग म्हणतात तो मधल्या थोड्याच मिनिटांपुरता. हिवाळ्यात वर पश्चिमेचे वारे असतात, त्यामुळे जाताना थोडं लवकर आणि येताना थोडं उशिरा. पण फरक मिनिटांचाच, त्यावरून तिकीट ठरवण्यात अर्थ नाही.

खरा वेळ पुणे खातं. संध्याकाळचं विमान असेल तर कोथरूडहून लोहगावला जायला मी सव्वा ते दीड तास धरतो. चेक-इन तासभर आधी बंद होतं, म्हणजे त्याच्याही आधी पोचायला हवं. डिजीयात्रामुळे (चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप) दारावरची रांग कमी झाली, सुरक्षा तपासणीची नाही. मेट्रोने रामवाडीपर्यंत आणि पुढे रिक्षा हा मार्ग हलक्या बॅगेला उत्तम. परत आल्यावर कॅबसाठी विमानतळाच्या पार्किंगच्या इमारतीपर्यंत, एरोमॉलपर्यंत, चालायचं, ते वेगळंच. त्यात लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. सुखोई उडत असले की आपण खिडकीतून बघत बसायचं. (मला आवडतं. शेजारच्या काकांना नाही आवडलं.)

नागपूरचं मात्र कौतुक. विमानतळ शहरातच, वर्धा रोडला लागून. बॅग पट्ट्यावर टाकलेली नसेल तर उतरल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात मी घरी चहा पीत असतो.

सगळं धरून घर ते घर पाच तास, कधी साडेपाच. डिसेंबर-जानेवारीत याचा भरवसा धरू नका. दिल्लीत धुकं पडतं, आपलं विमान तिकडूनच यायचं असतं, आणि पुण्यात लख्ख ऊन असूनही आपण गेटवर बसून राहतो.

आता ट्रॅव्हल्स. संभाजीनगरनंतर समृद्धी महामार्गाला लागली की स्लीपर गाडी बरी पळते, पण रात्रभर लागतेच. तरी ते तास झोपेतले. विमानाचे पाच तास जागेपणीचे, तेही पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आणि रांगांमध्ये. म्हणून शुक्रवारी रात्री जाताना मी आता ट्रॅव्हल्सच घेतो आणि परत येताना सकाळचं विमान. सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसला पोचता येतं. दोन्ही वेळा विमानच हवं असेल तर जातानाही पहाटेचं बघा. पहाटे कोथरूड-लोहगाव अर्ध्या तासाच्या थोडं वर, बास.

दिवाळीत भाडं इतकं चढतं की चौघांच्या कुटुंबाने वंदे भारतच बघावी. दिवस जातो, पण डबा उघडून जेवता येतं. एकट्याला, सात किलोच्या बॅगेत, महिनाभर आधी काढलेलं तिकीट असेल तर विमान नक्की परवडतं. संत्रा बर्फीचे डबे त्याच सात किलोत बसवायचे असतात, एवढं आईला आधी सांगून ठेवा.