इन्स्टावरचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर न्यावं की वेबसाइटवर?

देवगड तालुक्यात आमची कलमं आहेत. आंबा वाशीला दलालाकडे न घालता थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवतो, आणि गिऱ्हाईक बहुतेक इन्स्टाग्रामवरून येतं. पहिले दोन हंगाम बायोमध्ये व्हॉट्सॲपची लिंक होती, पुढचे दोन वेबसाइटची. याच पेचात कोणी असेल तर उपयोगी पडेल. साड्या किंवा मसाले विकत असाल तर हिशेब थोडा वेगळा पडेल, हे आधीच सांगतो.

व्हॉट्सॲपचं बळ बोलण्यात आहे. "साका निघाला तर?" (साका म्हणजे वरून चांगल्या दिसणाऱ्या फळात आतून खराब झालेला गर) हे हापूस घेणारा हटकून विचारतो, आणि उत्तर माणसाकडून आलं की अर्धी ऑर्डर तिथंच पक्की होते. शिवाय कॅटलॉग फुकट. वेबसाइटला डोमेन आलं, होस्टिंग आलं, वर पेमेंट गेटवे शंभरामागे दोनेक रुपये कापणार आणि त्यावर जीएसटी. हंगामाला साठ-सत्तर पेट्याच विकायच्या असतील तर मी स्वतः वेबसाइटच्या वाटेला गेलो नसतो.

गेलो ते पैशांच्या स्क्रीनशॉटमुळे. इन्स्टावर एका नावानं चौकशी, व्हॉट्सॲपवर दुसरंच नाव, आणि यूपीआयनं पैसे येणार तिसऱ्याच्या खात्यातून, बहुधा यजमानांच्या नाहीतर मुलीच्या. पत्ता चार मेसेजांत: सकाळी सोसायटी, मग "बी विंग हं", दुपारी पिनकोड. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात रात्री बारा वाजता आई वही धरून बसायची आणि मी मोबाइलवर एकेक नाव जुळवायचो. एकदा सारख्या आडनावाच्या दोघांच्या पेट्यांची अदलाबदल झाली. कोथरूडची पाच डझनांची पेटी ठाण्याला गेली, ठाण्याची दोन डझनांची कोथरूडला. साडी असती तर परत मागवली असती. पेंढ्यात पिकायला आलेला आंबा कुठला परत येतोय! हंगाम संपताच पुतण्याला बसवून छोटीशी वेबसाइट करून घेतली. विंग आणि पिनकोड भरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. मला एवढंच हवं होतं.

अर्थात वेबसाइट झाली म्हणून फॉलोअर आपणहून तिकडं वळत नाहीत. कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही, त्यामुळे बायो आणि स्टोरीतला लिंक स्टिकर याच खऱ्या वाटा. (स्टिकर २०२१ पासून सगळ्यांना मिळतो, आधी स्टोरीत लिंक द्यायची तर १०,००० फॉलोअर लागायचे.) सुरुवातीला मी लिंक पहिल्या पानावर दिली होती: बागेचे फोटो, आजोबांनी लावलेली कलमं वगैरे. लोक यायचे, बघून जायचे. आता लिंक थेट या आठवड्याच्या पेट्यांवर उघडते. भाव, किती उरल्या, गाडी कधी सुटणार, आणि वरच दोन ओळी साक्याबद्दल: कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं भरून देऊ.

मोहोराच्या रीलला बघे भरपूर, ऑर्डर एखादीच. "गुरुवारच्या गाडीत अकरा पेट्या उरल्यात" ही साधी स्टोरी मात्र संध्याकाळपर्यंत पेट्या संपवते. मोजून ठेवलेलं नाही, अनुभव सांगतोय.

वेबसाइटची एक खोट आहेच. लिंक इन्स्टाच्या आतच उघडते, आणि काहींच्या फोनवर तिथून यूपीआयचं ॲप सुरूच होत नाही. खिशात हात घातलेलं गिऱ्हाईक दारातून परत. म्हणून स्टोरीवरच लिहितो, "तीन टिंबं दाबून ब्राउझरमध्ये उघडा". तरी काही जण गळतातच.

पण पुढच्या हंगामाचा विचार केला तर पारडं मला वेबसाइटकडे झुकलेलं वाटतं. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचणार. आंबे संपल्यावर आंबेवाल्याचा नंबर कोण ठेवतं? वेबसाइटवर ऑर्डर देताना "पुढच्या वर्षी कळवू का?" असा चौकोन ठेवलाय. त्यावर खूण करणाऱ्यांना फेब्रुवारीत पहिला ईमेल जातो.

व्हॉट्सॲप बंद केलेलं नाही. तिथं गप्पा होतात, ऑर्डर वेबसाइटवर. काही काकू फॉर्म भरायला तयारच नसतात. त्यांचा फॉर्म फोनवर विचारून आई भरते, पिनकोडसकट.