खेड्यात परत येऊन डॉक्टरकी करायची असलेल्या पोरांसाठी टिळकवाडीतला एक नीटचा क्लास

बेळगावात नीटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, क्लास काही कमी नाहीत. आरपीडी क्रॉसपासून कॉलेज रोडपर्यंत नुसते बोर्ड, रँकवाल्या पोरांचे फोटो, आणि आत गेलं की पहिला प्रश्न दहावीला किती टक्के. हा क्लास टिळकवाडीत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आहे, बोर्ड पण धड दिसत नाही, नाव मी इथं टाकत नाही कारण सरांनीच नको म्हटलंय, बॅच लहान ठेवायची असते त्यांना. मी खानापूर तालुक्यात एका सरकारी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, स्टाफ नर्स आहे. धाकटी बहीण या क्लासला जाते, मराठी माध्यमातनं एसएसएलसी (दहावी) झाली, मग सायन्सला पीयूसी (अकरावी-बारावी), आणि तिच्या डोक्यात एकच, डॉक्टर व्हायचं आणि आपल्याच भागात परत यायचं. असं म्हणणारी पोरं भरपूर असतात, खरं त्या इच्छेचं पुढं नक्की काय करायचं हे पोरांना बसवून विचारणारा क्लास मी हा पहिलाच बघितला, म्हणून एवढं लांब लिहितेय.

ॲडमिशनला एक फॉर्म देतात. त्यात शेवटी एक प्रश्न आहे, डॉक्टर झाल्यावर कुठं काम करणार. सगळी पोरं लिहितात ग्रामीण भागात सेवा करणार. सर ते वाचतात आणि फॉर्म परत देतात. कुठलं गाव? त्या गावाला पीएचसी कुठलं लागतं, तिथं डॉक्टर आहे का, असला तर किती वाजेपर्यंत असतो, बाळंतपणाला बाई कुठं नेतात, रात्री गाडी मिळते का, शेवटची बस कितीची? हे सगळं काढून आणा मग पुढचं बोलू. बहीण घरी येऊन मलाच धरून बसली, "अक्का, आपल्या सबसेंटरला किती गावं लागतात गे? मी विचारून जातो म्हणून सांगितलंय सरांना." मी एवढी वर्षं तिथं नोकरी करते, घरात कधी कोणी विचारलं नव्हतं.

तर सरकारी हिशोब असा आहे की सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक पीएचसी आणि डोंगराळ भागात २०,००० ला, त्याखालचं सबसेंटर म्हणजे उपकेंद्र सपाटीला ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० ला. क्लासमध्ये हे आकडे फळ्यावर लिहून मग पोरांना तालुक्याचा नकाशा देतात आणि आपापलं गाव शोधायला लावतात. त्यावेळी कळतं की कणकुंबी जांबोटीच्या पट्ट्यात ३,००० माणसं म्हणजे किती वाड्या, मध्ये किती जंगल, किती नाले. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, कोंगळा, आमगावसारख्या गावांना पावसात नाल्याला पाणी चढलं की पेशंटला खांद्यावरनं आणायची वेळ येते, हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. खरं शहरातल्या पोरांना माहीत नसतं आणि डॉक्टर होऊन खेड्यात जाणार म्हणणाऱ्यांत शहरातली पोरं पण असतात, तीही चांगली असतात, त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं.

आता रविवारचा भाग. महिन्यातनं एखादा रविवार सरकारी नोकरीतनं रिटायर झालेले एक डॉक्टर पोरांच्या लहान गटाला खेड्यात नेतात, आधी तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी काढून. मला याचीच जास्त भीती होती. पांढरा कोट घालून पेशंटबरोबर फोटो काढायचे आणि स्टेटसला टाकायचे असले दौरे मी आमच्याकडं बघितलेत. इथं तसं अजिबात नाही. मोबाईल पिशवीत, पेशंटच्या तपासणीला आत कोणी जायचं नाही, बाहेरच्या बाकावर बसायचं, आशाताईंबरोबर घरोघरी जायचं तर त्या म्हणतील तेवढंच, आणि संध्याकाळी वहीत लिहायचं की आज कोण किती लांबनं चालत आलं आणि का आलं. इलाज शिकवत नाहीत, शिकवू पण नये, पोरं अजून बारावीची आहेत.

एका रविवारी डॉक्टरांनी सापाचा विषय घेतला होता, बहिणीची वही मी वाचली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार मुख्य विषारी जातींची नावं पोरांना पुस्तकातनं पाठ होती. डॉक्टरांनी विचारलं, घोणस चावलेला माणूस शेतातनं आला, रक्त गोठतंय का नाही हे लॅब नसताना कसं बघणार? मग त्यांनी सांगितलं की कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग वाकडी करून बघायचं, रक्त वाहिलं तर ते गोठलेलं नाही. नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकची चालत नाही. ही टेस्ट आम्ही पीएचसीत करतो, आणि त्या २० मिनिटांत बाहेर नातेवाईक काय करत असतात, कोण मांत्रिकाकडं न्यायचं म्हणत असतं, कोण गाडी शोधत असतं, ते पोरांना डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. रक्त गोठण्याचा धडा पोरांनी झूलॉजीत वाचलेलाच असतो, फायब्रिनोजेन, थ्रॉम्बिन सगळं. बहीण म्हणाली तो धडा तिला आता विसरायचाच नाही.

दुसऱ्या एका वेळी माकडतापावर बोलले. हा आजार १९५७ ला शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात, गोचिडीतनं पसरतो, आणि नंतर तो सरकत गोव्यात सत्तरीला आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात पण आला. आमच्या भागातली माणसं काजूच्या हंगामात तिकडं कामाला जातात, हंगाम आणि या तापाचे महिने एकच. म्हणून उन्हाळ्यात ताप घेऊन आलेल्या माणसाला कुठं कामाला गेला होतास हे पहिलं विचारायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे कुठल्याच टेस्ट सिरीजमध्ये येणार नाही, चार मार्क पण मिळणार नाहीत. खरं उद्या या पट्ट्यात बसणाऱ्या डॉक्टरला हे माहीत पाहिजे, आणि ते सतराव्या वर्षी कळलं तर चांगलंच आहे.

कन्नडचा तास. यावर आमच्या घरातच चर्चा झाली, बाबांना सुरुवातीला पटलं नव्हतं. आठवड्यातनं एकदा बोलण्यापुरतं कन्नड शिकवतात, कुठं दुखतंय, कधीपासून, उलटी झाली का, पाळी चुकली का, गोळी जेवणाआधी का नंतर. मी रोज बघते, आमच्या ओपीडीच्या रांगेत एक म्हातारी मराठी बोलते, तिच्या मागची कन्नड, त्यामागं धनगरवाड्यावरनं आलेला माणूस, कोणी कोकणी मिसळून बोलतं, रजिस्टर कन्नडमध्ये आणि औषधाची चिठ्ठी इंग्लिशमध्ये. त्यात बाहेरनं बदलीवर आलेल्या डॉक्टरांना मराठी येत नाही तेव्हा मधी मी उभी राहून सांगते, आणि बाईमाणसाचं दुखणं असं तिसऱ्याच्या तोंडातनं सांगितलं की निम्मं राहतंच. आपली मराठी पोरं दोन्ही भाषा नीट बोलणारी डॉक्टर झाली तर सीमाभागातल्या माणसाला केवढा आधार. सीमेचं राजकारण ज्याचं त्यानं करावं, पेशंटसमोर ते आणायचं नाही असं सर पहिल्याच तासाला सांगतात आणि मला ते शंभर टक्के पटतं.

शिकवण्याबद्दल. बायोलॉजी एक नंबर. मराठी माध्यमातनं आलेल्या पोरांना पहिले तीन महिने वेगळा तास, दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं इंग्लिश पुस्तकाशी जोडून घेतात, म्हणून पोरं घाबरून मागं राहत नाहीत. केमिस्ट्री बरी. फिजिक्स मात्र कमी पडतंय आणि हे स्पष्ट सांगायला पाहिजे. मधीच शिक्षक बदलले, नवीन सरांची पद्धत वेगळी, पोरं गोंधळली. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ९० प्रश्न बायोलॉजीचे म्हणून पोरं त्यावरच जोर देतात, खरं ४५ प्रश्न फिजिक्सचे असतात, चुकलं तर एक मार्क जातो, आणि २०२५ ला फिजिक्सचाच पेपर किती अवघड आला ते सगळ्यांनी बघितलं. त्या वर्षी २२ लाखांवर पोरं बसली, एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. सेवेची इच्छा कितीही खरी असली तरी मार्क नसतील तर सीट मिळत नाही, सरांनी याकडं लवकर बघावं. आम्ही फिजिक्सला बाहेर वेगळी शिकवणी लावली, त्याचा खर्च धरूनच विचार करा.

ॲडमिशन प्रोसेसची माहिती देतात त्याला मी पैकीच्या पैकी देईन. आमच्याकडची निम्मी पोरं कागदातच अडकतात. केईएच्या, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या, काउन्सेलिंगमध्ये १५ टक्के रूरल कोटा आहे, त्याला पहिली ते दहावी सगळी वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात, मधलं एखादं वर्ष पोराला शहरात मामाकडं ठेवलं असेल तर गेलं. ५ टक्के कन्नड माध्यमाचा कोटा मराठी शाळेतल्या पोरांना लागू होत नाही. घटनेच्या ३७१ जे कलमाचं आरक्षण कल्याण कर्नाटकातल्या, म्हणजे कलबुर्गी-बिदरकडच्या, जिल्ह्यांसाठी आहे, बेळगावला नाही, तरी दरवर्षी कोणीतरी पालक त्याबद्दल विचारतोच. उलट महाराष्ट्राच्या ॲडमिशनमध्ये वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी तरतूद आहे, महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांपैकी गाव असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो, हे आमच्या शेजारच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. आणि पेपर मराठीत पाहिजे असेल तर ती पुस्तिका महाराष्ट्रातल्या सेंटरलाच मिळते, म्हणजे फॉर्म भरतानाच कोल्हापूरसारखं सेंटर टाकायला लागतं. हे सगळं सर आधीच्या वर्षीच सांगतात, नाडकचेरीतनं (महसूल कार्यालयातनं) जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून त्याच्यावरचा आरडी नंबर जपून ठेवा इथपर्यंत. आधार, मार्कलिस्ट आणि दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एकच आहे का तेसुद्धा स्वतः तपासतात.

ग्रामीण सेवेच्या कायद्याबद्दल पण खरं ते सांगतात. कर्नाटकात २०१२ चा कायदा आहे, एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, २०२३ ला तो बदलून रिकाम्या जागा असतील तेवढ्यांनाच लागू केला. सर पोरांना म्हणतात, कायदा लावेल तेव्हा सगळेच जातील, तुम्ही वर्ष संपल्यावर राहणार का ते सांगा, आणि राहायचं तर काय काय लागेल, क्वार्टर, मुलांची शाळा, सोबत एखादी चांगली नर्स. हे ऐकून मला बरं वाटलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ ला सर्च ही संस्था सुरू केली, बिळीगिरीरंगन डोंगरात डॉ. सुदर्शन यांनी १९८० च्या आसपासपासून सोलिग आदिवासींमध्ये काम केलं, जामखेडला डॉ. आरोळे पतिपत्नींनी १९७० पासून गावातल्या बायकांनाच आरोग्याचं शिकवून उभं केलं, यांच्यावर क्लासमध्ये बोलतात. जामखेडचं तर मला वाटतं अजून जास्त सांगावं, कारण तिथं निम्मं काम डॉक्टर नसलेल्यांनीच केलं.

आणि इथंच माझी मोठी तक्रार आहे. क्लासमध्ये एमबीबीएस सोडून दुसऱ्या कशाचं नाव निघत नाही. एवढ्या पोरांतनं सीट किती जणांना मिळणार? बाकीच्यांची सेवेची इच्छा काय तिथंच सोडून द्यायची? बीएस्सी नर्सिंग करून आज सबसेंटरच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात कम्युनिटी हेल्थ ऑफिसर होता येतं, बीपी शुगरच्या गोळ्या तिथंच मिळतात, खेड्यातला माणूस पहिल्यांदा भेटतो तो त्यांनाच. लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, बीएएमएस, किती वाटा आहेत. मी सरांना भेटून हे बोलले, त्यांनी मान्य केलं आणि मला एक रविवार येऊन बोला म्हणाले, जाणार आहे. खरं हे पाहुणी येऊन बोलण्याचं नको, त्यांच्या रोजच्या शिकवण्यात पाहिजे. सीट हुकल्यावर खोलीत बसून रडणारी पोर मी शेजारीच बघितलेय, तिला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सोयींचं थोडक्यात. जागा लहान, वर पत्रा, पावसाळ्यात आवाजानं मागच्या बाकावर ऐकू येत नाही. अभ्यासिका रात्री आठपर्यंत उघडी असते खरं जांबोटी कणकुंबीकडं जाणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही, बससाठी लवकर निघायला लागतं, मुलींना तर जास्तच. स्वतःचं हॉस्टेल नाही. टेस्टच्या छापील पेपरात चुका असतात, दाखवल्या की दुरुस्त करतात. फी मोठ्या क्लासच्या निम्म्याहून कमी, हप्ते करून देतात, आशाताईंच्या आणि अंगणवाडी ताईंच्या मुलांना सवलत आहे. ती बोर्डावर लिहिलेली नाही, विचारायला लागते, लाजू नका.

नुसता मोठा रँक पाहिजे आणि दिवसाला तीन टेस्ट पाहिजेत असं ज्यांचं आहे त्यांनी दुसरीकडं बघावं. आपल्या भागात परत यायचं असं पोर मनापासून म्हणत असेल तर इथं घाला, आणि फिजिक्सची सोय वेगळी करा. एसएसएलसीच्या रिझल्टनंतर लगेच जा, जागा लवकर भरतात. जाताना पहिली ते दहावीच्या शाळेची सर्टिफिकेट घेऊन जा, रूरल कोट्याचं सर त्याच दिवशी बघून सांगतात.