सायकलचा मागचा हब (चाकाचा मधला भाग) सारखा ढिला होतोय: कोन कसायचे की हब बदलायचा?

माझं मत आधी सांगतो: हब बदलण्याआधी उजवी बाजू उघडून बघा. बहुतेक जण डावीकडचा कोन (छर्र्यांवर दाबून बसणारा शंकूसारखा नट) आणि लॉकनट (कोन जागेवर पक्का धरणारा नट) कसतात, कारण तिथे पाना सहज पोहोचतो. पण ढिलेपणाचं मूळ अनेकदा फ्रीव्हीलच्या (चेन बसते त्या मागच्या दातेरी चक्राच्या) बाजूला असतं. तिथला लॉकनट सैल असेल तर चाक फिरताना एक्सल (हबमधून आरपार जाणारा दांडा) हळूहळू सरकतो आणि डावीकडची सगळी मेहनत वाया जाते.

म्हणून आधी एक्सल काढा, उजवा कोन आणि लॉकनट एकमेकांवर घट्ट आवळा, मगच डावीकडून खेळ (ढिलेपणा) काढा. कोन धरायला पातळ पाना हवाच. साधा जाड पाना कोनाच्या खाचेत बसत नाही. क्विक रिलीजच्या (लिव्हरने आवळायच्या) चाकात किंचित खेळ राहू द्या, कारण लिव्हर आवळला की एक्सल दाबला जातो आणि तो खेळ निघून जातो. छर्रे आणि ग्रीस याच वेळी नवे घाला. खर्च किरकोळ, वेळ मात्र जातो.

एक्सल सपाट काचेवर घरंगळवून पाहा. वाकलेला असेल तर तोच बदला. कसून उपयोग नाही. कोनावर खड्डे असतील तर कोनही नवे मिळतात.

हबच्या आतल्या वाट्या (ज्यांत छर्रे फिरतात) खड्डेदार झाल्या असतील, तर मात्र नवा हब घ्या. त्यासाठी सगळं चाक आऱ्यांनी पुन्हा विणावं लागतं, त्यामुळे तयार चाक बरेचदा सोयीचं पडतं. घेताना कॅसेटचा हब (ज्यात फ्रीव्हीलची यंत्रणा हबचाच भाग असते) निवडा: त्यात उजवं बेअरिंग एक्सलच्या टोकाजवळ असतं, म्हणून एक्सल सहसा वाकत नाही.